शेवटचा हात

४ तारीख, सोमवार
नर्सबाईंची गाडी परत आली! चारच महिन्यांपूर्वी इंजिनाची टॅपेट लावून दिली होती. चढावर दम टाकते, उभी असताना थरथरते. बाबांनी बॉनेटला कान लावला. "बाई, गाडी तीन पायांवर आलीय. चौथा कुठे विसरलात?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही. दादाच्या हातची गाडीही अशीच परत आली होती.

कॉम्प्रेशन मोजलं. पहिला, दुसरा, चौथा सिलेंडर दीडशेच्या वर. तिसऱ्यात काटा साठवर अडला.

५, मंगळवार
तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर काटा चढला असता. ढिम्म! मग पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरली, तर सायलेन्सरमधून सुस्स. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

इंजिनाचं हेड काढण्याआधी व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटच्या फटी पाहिल्या. फट मोजायचं पातळ पातं एकीतही शिरेना! फट नसली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आग निसटत राहते, कड जळते. हेड काढलं, तर तिसऱ्याची कड तशीच जळलेली, उंदराने कुरतडल्यासारखी.

आणि ती टॅपेट मीच लावली होती. पातं जरासं घासत सरकेल एवढी फट ठेवायची, दादानेच शिकवलंय. मी तेवढीच ठेवली होती. नक्की.

६, बुधवार
नर्सबाईंसमोरच बाबा कडाडले. "भावाचंच वळण उचललंस! एकाने गॅरेजचं नाव घालवलं, आता तू!"

दोन वर्षांपूर्वी दादाला असंच बोलून घालवून दिलं. तो ओरडून सांगत होता, "मी बरोबर लावली होती!" आता टायरच्या दुकानात पंक्चरं काढतो. घरी पाऊल टाकत नाही. आई बाजाराला वाकडी वाट करून त्या दुकानावरून जाते.

माझीही रवानगी तिकडेच होणार बहुतेक.

७, गुरुवार
बाबा एका गाडीमागे बसून गिऱ्हाइकाशी बोलत होते. हात तापलेल्या सायलेन्सरवर! मी किंचाळले तेव्हा कुठे खाली पाहिलं. तळव्याला हा एवढा फोड. "लक्ष नव्हतं," म्हणाले आणि हात खिशात घातला.

भाजलेल्या हाताकडे लक्ष नसतं कुणाचं?

८, शुक्रवार
नवा व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून, दांडी तळहातांत धरून जागेवर घुसळला, बसायच्या कडेवर करडं कडं सलग उमटेपर्यंत. वर रॉकेल ओतून पाहिलं. थेंब गळला नाही. हेड चढवलं. टॅपेट लावली, प्रत्येक फट दोनदा तपासली.

मग आमच्या गॅरेजचा नियम: टॅपेट कुणीही लावो, शेवटचा हात बाबांचा. "जा, चहा टाक," म्हणाले. मी नाही गेले. बाजूला उभी राहून पाहत राहिले.

बाबांनी पातं घातलं, ओढलं, स्क्रू आवळला. पुन्हा ओढलं, पुन्हा आवळला. पातं घासत होतं, मला ऐकू येत होतं! त्यांच्या बोटांना कळत नव्हतं. कळेपर्यंत आवळत गेले.

ते गेल्यावर मी पातं घालून पाहिलं. शिरेना.

नर्सबाईंच्या गाडीला शेवटचा हात त्यांचाच होता. दादाच्या त्या गाडीलाही.

९, शनिवार
ते यायच्या आधी सगळी टॅपेट सैल करून पुन्हा लावली. चारही सिलेंडर एका पातळीत! गाडी मांजरीसारखी गुरगुरतेय. बाबा नर्सबाईंना म्हणाले, "शेवटी हात कुणाचा!"

मी दात-ओठ खात पाने पेटीत टाकले. राग येतो आणि रडूही येतं. या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या बोटांची जाणीव गेली? आणि नाही सांगितलं तर दादा जन्मभर दुसऱ्याच्या चुकीची पंक्चरं काढत बसणार. उद्या सांगायचंच.

१०, रविवार
सांगितलं. दादाची चूक नव्हती, हेही सांगितलं.

बाबांनी तळहात उघडून फोड पाहिला. मग म्हणाले, "माहीत आहे. त्याला घालवलं तेव्हाही माहीत होतं."