मागच्या खोलीतली मदेरा

अप्पा, सोलापूरच्या कॅम्पातल्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत तुम्ही ज्या संध्याकाळी बसला होतात, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन अडतीस वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढं मी केव्हाच निघून आलो. वकिली बंद केली, सनद कपाटात ठेवून दिली, आणि आता सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसलो की तीच संध्याकाळ डोळ्यांसमोर येते. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या जबान्या नीट लावून दिल्या. माझी स्वतःची जबानी कुठंच नोंदलेली नाही.

तुम्ही गुळाचे आडते. शुक्रवार पेठेतल्या आपल्या दुकानात ढेप फोडायच्या आधी तुम्ही ती नाकाशी धरायचात आणि सांगायचात, हा गूळ कुठल्या गावचा, उसाला पाणी विहिरीचं की ओढ्याचं, आणि काहिलीखालच्या चुलवाणात जाळ जास्त झाला होता की कमी. शेतकरी तोंडात बोट घालायचे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, असे तुम्ही. घरात तुम्ही कधी मोठ्यानं बोलला नाहीत आणि माझ्यावर कधी हात उगारला नाहीत. पण महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी तुम्ही धुतलेला अंगरखा घालून बाहेर पडायचात आणि दिवेलागणीनंतर तासाभरानं वेलदोडा चघळत परत यायचात. अव्वा विचारायची, "कुटं गेला हुता?" तुम्ही म्हणायचात, "दोस्ताकडं." एवढंच. तो दोस्त म्हणजे कॅम्पातले पारशी शेटजी, हे मला ठाऊक होतं. गिरणीच्या साहेबांना आणि रेल्वेच्या अधिकाऱ्यांना बिस्किटं, लोणी, साबण आणि विलायती दारू विकणारं त्यांचं दुकान. तुम्ही त्यांना उत्तम गूळ देता आणि त्यांच्याशी गप्पा मारता, इतकीच माझी समजूत होती.

पुढचं तुम्ही मला अक्कलकोटला सांगितलंत, आत्याच्या ओसरीवर, शेवटच्या वर्षी. त्या खोलीत तुम्ही तिघं जमायचात. तुम्ही, शेटजी, आणि तुमचे ते साड्यांचे कारखानदार, ज्यांच्या घरी तेलुगू आणि बाजारात मराठी. टेबलावर पांढरं कापड, तीन पेले, आणि प्रत्येकात बोटभर वाइन, त्याहून जास्त नाही. शेटजी सांगायचे, "घाई नाय करायची. पहिले डोळा, मग नाक, जीभ सगळ्यात शेवटी." दिव्यासमोर धरून रंग बघायचा, वास घ्यायचा, आणि मग एकेकानं सांगायचं की कशाचा वास आला. कारखानदार म्हणायचे, ओल्या सुताच्या लडीचा. तुम्ही म्हणायचात, पावसात भिजलेल्या गोणपाटाचा. शेटजी हसून हसून खोकायचे, कारण विलायतेच्या कुठल्याच पुस्तकात असलं काही लिहिलेलं नव्हतं, आणि तरी ते खरं असायचं. क्लॅरेट ही तांबडी वाइन म्हणे सोलापूरच्या उन्हाळ्यात मरते, दोन वर्षांत तिचा सिरका होतो. पण मदेरा नावाची एक वाइन आहे, तिला उष्णता मानवते. त्या संध्याकाळी शेटजींना साठ वर्षं पूर्ण झाली होती, आणि त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या बंदरात कुणा कप्तानाकडून घेतलेली मदेराची बाटली त्यांनी तुमच्यासाठी उघडली होती. बाटली शेटजींहून वयानं मोठी. बूच हातात भुगा होऊन आलं. "जळका गूळ, मनुका, अक्रोडाची साल," तुम्ही मला सांगत होतात, आणि सांगताना तुमच्या पिचलेल्या चेहऱ्यावर उजेड आला होता. "येवढी वर्सं अंधारात पडून ऱ्हायली आन् तरी गोड. म्या तसली चीज दुसरी बघितली न्हाई."

मी त्या वेळी दुकानाबाहेर होतो; तुम्ही मागच्या दारानं आत गेलात याचा मला पत्ता नव्हता. तेवीस वर्षांचा, कायद्याच्या शेवटच्या परीक्षेला बसणारा, छातीवर सत्याग्रही स्वयंसेवकाचा बिल्ला. आदल्या वर्षी शहरात इंग्रज सरकारच्या गोळ्या चालल्या होत्या, ओळखीची माणसं मेली होती, आणि आमच्या अंगातली आग कुठं न्यावी हे आम्हाला कळत नव्हतं. दारूच्या दुकानांसमोर आम्ही हात जोडून उभे राहायचो. तीन आठवडे हात जोडले. तीन आठवडे पोलिसांचे दंडुके खाल्ले. माझ्या डाव्या बरगडीवर काळं-निळं झालं होतं, श्वास घेतला की कळ यायची. त्या रविवारी आमच्यातल्या एकाला फौजदारानं केस धरून फरपटत नेलं, रस्त्यावर त्याच्या रक्ताची रेघ उमटली, आणि ती रेघ बघून जमाव फुटला. वडीलधारे ओरडत होते, "हात उचलू नका! शपथ हाय तुमाला!" कुणी ऐकलं नाही. मी तर नाहीच. शेजारच्या कुंपणातला एक सैल गज मी उपटला आणि दुकानाच्या फळ्यांवर घातला.

फळ्या तुटल्या तशी माणसं आत घुसली. बाटल्या भिंतीवर फुटत होत्या. बिस्किटांचे डबे, काचेच्या बरण्या, वजनकाटा, शेटजींच्या वडिलांची तसबीर, समोर येईल ते आम्ही फोडत होतो. निम्मे लोक अनवाणी. काचा पायात शिरत होत्या आणि तरी कुणी थांबत नव्हतं. दारूचा वास, रक्ताचा वास, आणि माझ्याच घशातून निघणारा एक आवाज, जो मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. प्रत्येक फटक्याला बरगडीतून कळ जाते आहे आणि मला बरं वाटतं आहे. मागच्या खोलीचं दार बंद दिसतं. मी लाथ घालतो. दुसऱ्या लाथेला कडी निखळते.

आत तुम्ही तिघं. शेटजी आणि कारखानदार उभे राहिलेले, तुम्ही बसलेले, हातात पेला. बाकीचे लोक पुढं फोडाफोडीत गुंतलेले होते, माझ्याबरोबर आत कुणीच आलं नव्हतं. तुमच्या तोंडून एकच शब्द निघाला, "मगा." आपल्या कानडीत 'पोरा', मला लहानपणी हाक मारायचात तसा. गज वर गेला होता. तो खाली आला तेव्हा त्याच्याखाली शेटजी होते.

आवाज ओल्या लाकडासारखा आला. त्यांचा चष्मा फुटला, आणि काच आणि लोखंड दोन्ही उजव्या डोळ्यात गेलं. ते किंचाळले नाहीत. "अरे, अरे," एवढंच म्हणत ते टेबलाच्या कडेनं खाली घसरले आणि पांढरं कापड त्यांच्याबरोबर खाली आलं. कारखानदारांनी माझ्यावर झेप घेतली. मी त्यांना ढकललं, ते फुटक्या बाटलीवर हातावर पडले, आणि त्यांच्या तळव्यातून हाड दिसलं. ज्या हातानं ते बोटांत धागा धरून त्याचा नंबर, म्हणजे जाडी, सांगायचे, त्या हाताची दोन बोटं पुढं कधी वळली नाहीत. हे सगळं व्हायला फार तर पंधरा श्वास लागले असतील.

मग तुम्ही उठलात. माझ्या तोंडात मारलीत, पंजा उघडा ठेवून, अशी की माझ्या कानात घंटा वाजली. आयुष्यातली पहिली आणि शेवटची. माझ्या हातातला गज तुम्ही हिसकावून घेतलात. बाहेर पोलिसांच्या शिट्ट्या वाजत होत्या. तुम्ही उपरणं काढून शेटजींच्या डोळ्यावर दाबलंत आणि त्यांच्या कानाशी वाकून काही बोललात. शेटजींनी मान हलवली. रक्तानं भरलेल्या तोंडानं ते मला म्हणाले, "जा, दीकरा. मागच्या दारानं जा." तुम्ही माझ्याकडं वळूनही बघितलं नाहीत. "पळ," म्हणालात. "परीक्षा हाय तुजी."

आणि मी पळालो, अप्पा.

पोलीस आत आले तेव्हा तुम्ही गज हातात धरून उभे होतात. तुम्ही सांगितलंत, आम्ही तिघं पीत बसलो होतो, शब्दाला शब्द वाढला, बाहेरचा दंगा ऐकून डोकं फिरलं आणि मी दोस्ताला मारलं. कोर्टात शेटजी पट्टी बांधून उभे राहिले. साहेबानं विचारलं, "तुम्हाला कोणी मारलं?" त्यांनी एका डोळ्यानं तुमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यानं. पण पिऊन होता, साहेब. माणूस वाईट नाय." कारखानदारांनीही तेच सांगितलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. उठून उभं राहायला किती वेळ लागतो? मी उठलो नाही. तुम्हाला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

तुरुंगात तुमच्यावर काय गुजरलं ते तुम्ही कधी बोलला नाहीत. बाहेर काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. गळ्यात लिंग बांधून दारू पितो म्हणून पंचांनी आपलं घर वाळीत टाकलं. कुणी पाणी घेईना, कुणी देईना. एका सकाळी घरावर दगड आले आणि एक अव्वाच्या कपाळावर बसला. चार टाके पडले. ती तुम्हाला शिव्या देत रडत होती, "असला नवरा का दिला देवानं," म्हणत होती, आणि मी तिच्या कपाळावरचं रक्त पुसत होतो आणि गप्प होतो. गावात माझं कौतुक चाललं होतं. बाप दारुडा निघाला, पण पोरगं बघा कसं देशासाठी उभं राहिलं! सभेत मला हार घातला. त्याच आठवड्यात पानाच्या दुकानासमोर एकजण हसून म्हणाला, "काय रं, बापाला तुरुंगात मिळती का विलायती?" मी त्याला खाली पाडलं आणि त्याच्या छातीवर बसून इतका मारला की त्याचे दोन दात माझ्या मुठीत रुतून निघाले. लोकांनी मला ओढून काढलं. मी बापाचा मान राखला, असं म्हणून माझी पाठ थोपटली. ती खूण अजून माझ्या बोटाच्या पेरावर आहे.

तुरुंगात मी तुम्हाला एकदाच भेटलो. दाराच्या जाळीपलीकडं तुम्ही हडकलेले, एक कान सुजलेला, ओठ फाटलेला. मी कानाबद्दल विचारलं. "जिन्यावरनं पडलो," म्हणालात. मग विचारलंत, "परीक्षा झाली?" मी म्हणालो, झाली. "बरं झालं की," म्हणालात, आणि आपल्याला बोलायला दिलेला बाकीचा वेळ तुम्ही अव्वाच्या कपाळाबद्दल विचारण्यात घालवलात. कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं.

सुटल्यावर तुम्ही पेठेत परत आला नाहीत. अक्कलकोटला आत्याकडं राहिलात. ओसरीवर खाट टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी कानडीत बोलत. अव्वा आली नाही, शेवटपर्यंत आली नाही. मी वकील झालो, नाव झालं, दर दोन महिन्यांनी पैसे आणि फळं पाठवायचो. स्वतः क्वचित यायचो. पण शेटजी यायचे. एका डोळ्याचा तो म्हातारा दर महिन्यातल्या एका रविवारी गाडीत बसून यायचा आणि तुमच्या खाटेशी बसायचा. आत्या एकदा मला म्हणाली, "दोगं बी लई बोलत न्हाईत रं. चा पित्यात आन् बसत्यात." एकदा मी आलो तेव्हा ते तिथंच होते. मी वाकून पाया पडायला गेलो. त्यांनी माझे खांदे धरून मला वर उठवलं आणि विचारलं, "प्रॅक्टिस कशी चालते, दीकरा?" त्या एका डोळ्यात माझ्याबद्दल राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

आता ते लिहितो ज्यासाठी बसलो. तुमच्या शेवटच्या आजारात मी आठ दिवस तिथं होतो. एका दुपारी आत्या ओढ्यावर गेली होती. तुम्ही मला त्या खोलीबद्दल, त्या बाटलीबद्दल सगळं सांगितलंत, ते याच दुपारी. मग छपराकडं बघत विचारलंत, "आत शिरताना तू मला बघितलं हुतंस का रं?"

मी म्हणालो, "न्हाई, अप्पा. अंधार हुता. दारूवाला एवढंच दिसलं."

"तसंच असंल," म्हणालात तुम्ही. "म्याबी तेच म्हनलं." आणि कुशीवर वळलात. चौथ्या दिवशी गेलात.

अप्पा, अंधार नव्हता. टेबलावर मोठा दिवा होता, वात वर केलेली होती, कारण तुम्हाला वाइनचा रंग बघायचा होता. दार पडलं तेव्हा ते दोघं दचकून उठले, पण तुम्ही कशावर तरी हसत होतात आणि ते हसू अजून तुमच्या चेहऱ्यावरून उतरलं नव्हतं. डोकं मागं टाकून, दात दिसतील असं. तेवीस वर्षांत आपल्या घरात मी तुम्हाला तसं हसताना एकदाही बघितलं नव्हतं. आम्ही बाहेर मार खात होतो, आणि तुम्ही तिथं, परक्यांमध्ये, सुखात होतात. दारूची चीड मला त्या क्षणी आठवलीही नाही. मी तुमच्या डोक्यावर गज उचलला होता. तुमच्याच. शेटजींनी ते माझ्या डोळ्यांत वाचलं आणि ते मध्ये आले.

शेटजींना हे ठाऊक होतं. तेही गेले, आणि त्यांनी ते तुम्हाला सांगितलं नाही, असं मी धरून चालतो. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, मुलांना तर नाहीच. त्यांना त्यांचे आजोबा दारुडे होते एवढंच माहीत आहे, आणि मी ते अजून दुरुस्त केलेलं नाही.