तुळशीमागची डबी

पुरानी बस्ती, रायपूर
९ डिसेंबर २०२५

चि. सौ. भावनास,
आशीर्वाद. धाकट्या बहिणीनं मोठ्या भावाचा फोन उचलायचा नाही असं ठरवलं आहे, म्हणून हा कागद.

स्वरदाच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी मी काय केलं, ते देवाला स्मरून लिहितो. चारला उठलो. दात घासले, थंड पाण्यानं आंघोळ केली, देवांना गंध लावलं. गोंदियाच्या गाडीसाठी पिशवी भरलेली होती, भाचीची साडी सगळ्यात वर. समईची वात लावताना छातीवर कोणी जातं ठेवावं तसं झालं. सदरा घामानं भिजला. तुझ्या वहिनीनं, ममतानं, शेजारच्या यशदीपला उठवून मला दवाखान्यात नेलं.

ईसीजी बिघडलेला निघाला; तासाभरानं पुन्हा सरळ. अँजिओग्राफी केली तर नसा साफ. डॉक्टर म्हणाले, पोटरीत गोळा येतो तशी हृदयाची नस आवळते आणि आपोआप सुटते. धडधाकट माणसालाही होतं. तंबाखू-सिगारेट घेता का, असं विचारलं. मी सांगितलं, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

तू मात्र पाहुण्यांत सांगितलंस की दादानं नाटक केलं. अनिमेष तंबाखूचा खर्रा खातो म्हणून मी ह्या सोयरिकीला विरोध केला, हे खरं. पण पोरीच्या आनंदात खोटं मरण आणणारा मामा मी नाही. गोळ्या चालू आहेत, तरी पहाटे दोनदा पुन्हा दुखलं.

लोभ उरला असेल तर असू दे.
प्रताप

गोंदिया
१६ डिसेंबर

ती. दादास,
नमस्कार लिहिते, कारण आईनं वळण लावलं. मनात नाही.

नसा साफ, म्हणे! विहीणबाई विचारत होत्या, मामा काहून नाही आले, आणि मी एकटी उभी. अनिमेषला तू माझ्या घरात, चारचौघांत, तंबाखूखोर म्हणालास. त्या पोट्ट्यानं मान खाली घातली आणि त्या दिवसापासून खर्रा सोडला. आणि तू? तुळशीमागच्या कोनाड्यातली डबी मले ठाऊक नाही असं वाटते काय तुले? रोज पहाटे बोटानं दातांवर गुडाखू घासतोस, अर्धा तास थुंकत बसतोस. गुळात कालवला म्हणून तंबाखूचा प्रसाद होते काय? देवापुढं बसणारा माणूस डॉक्टरापुढं निर्व्यसनी झाला! इतकं सराईत खोटं बोलणाऱ्याचं दुखणं मी खरं काहून मानू?

लग्न फेब्रुवारीत आहे. स्वरदाला बोहल्यावर मामानं न्यायची रीत. ती सुशीलदादा पार पाडेल. तोही सख्खा मामाच आहे. तू येऊ नकोस.

लोभाचं पुढं पाहू.
भावना

रायपूर
४ जानेवारी २०२६

चि. सौ. भावनास,
आशीर्वाद, घे, नाहीतर तसाच राहू दे.

तुझं पत्र वाचून मी फाडायलाच निघालो होतो. ममता म्हणाली, फाडायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांना मराठी येत नाही, म्हणून तुझ्या शिव्या मलाच हिंदीत सांगाव्या लागल्या. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, गुडाखू म्हणजे तंबाखूच. ज्याची नस अशी आवळते त्याच्यासाठी विषच. गोळी नस सोडवत होती आणि डबी आवळत होती. असं आवळताना हृदय थांबूही शकतं.

मी खोटं बोललो नव्हतो, भावना. गावच्या शाळेत आपले गुरुजीसुद्धा गुडाखू घासूनच प्रार्थनेला उभे राहायचे. माझ्या लेखी ते दंतमंजन. तीस वर्षांत व्यसन हा शब्द मी त्याला लावलाच नाही. अनिमेषला मात्र लगेच लावला. त्याला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात काय लिहिलं ते तुला सांगणार नाही.

तुझ्या रागानं माझा जीव वाचला असेलही. म्हणून नाटकी म्हणालीस ते विसरलो, असं समजू नकोस. लग्नाला मी येणार, मांडवाच्या दाराशी थांबणार. बोहल्यावर कोणत्या मामानं न्यायचं, ते स्वरदानं सांगावं. तू नव्हे.

डॉक्टरांना शब्द देऊन आठ दिवस झाले होते. रोज डबी कोनाड्यातून काढायचो, देवाची क्षमा मागायचो आणि बोट बुडवायचो. आज कचरागाडी गल्लीत आली तेव्हा पूजा अर्धी सोडून उठलो आणि डबी तिच्यात टाकली. मग कडुलिंबाच्या काडीनं दात घासले.

लोभाचा निर्णय तुझ्याकडे.
प्रताप