वेगळं ताट

माय, तू असतीस तर हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून लिहिते आहे. मस्कतला फार्मसी शिकायला जायचं ठरलं तेव्हा तू कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नव्हतीस. मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, "जाय बाप्पा. पन त्याईच्या ताटात हात घालू नोको. आपलं ताट वेगळं ठेवजो. थे नसन होत त आत्ताच सांग, मंग कायले जाऊन राहिली?" मी हो म्हटलं. त्या एका होवर माझं जाणं अडलं होतं. तू गोंदियाच्या बाजारातून स्टीलचं ताट आणलंस, त्यावर माझं नाव कोरून घेतलंस आणि पेटीत कपड्यांच्या वर ठेवलंस.

बाकीची तयारी चाचांनी करून घेतली. बाबांच्या राइस मिलच्या ट्रकवरचे ड्रायव्हर, त्याआधी बरीच वर्षं कुवेतला राहून आलेले. पासपोर्ट निघाला, सर्टिफिकेटांवर शिक्के घ्यायला बाबा मुंबईला जाऊन आले, तरी चाचांना चैन नव्हतं. रविवारी ते कुडव्याला आपल्या घरी यायचे, ओसरीवर बसायचे आणि मला बजावायचे, "बेटी, मसाले में खसखस का एक दाना नहीं जाना चाहिए, वहाँ जेल हो जाती है." तू केलेला सगळा मसाला मग पुन्हा केलास, शिव्या घालत. एका थाळीत सगळे जेवतात तेव्हा उजव्या हातानं, आपल्या पुढ्यातलंच खायचं. कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, पुरे झाला की कप हलवायचा, नाहीतर ओततच राहतात, हे सगळं त्यांनी शिकवलं. तू दारातून ओरडायचीस, "थे थाळीचं तिले नोका शिकवू!" चाचा हसायचे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हॉस्टेलात पहिल्याच जेवणाला मुलींनी भाताची भली मोठी परात मांडली, सरकून मला जागा करून दिली, आणि मी आपलं ताट घेऊन बाजूला बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच माझा भात आधी काढून ठेवायला सुरुवात केली. पाण्याचा ग्लासही वेगळा. त्यांना वाटलं, मला काहीतरी आजार आहे. एकीनं तर हळूच विचारलंसुद्धा. काय सांगणार होते मी? आमच्याकडे माणसं वेगळी ठेवतात, असं? शेवटी एका शुक्रवारी ताट पेटीत टाकलं आणि सरळ जाऊन परातीशी बसले. शेजारच्या मुलीनं मासळीचे काटे काढून तुकडे माझ्या पुढ्यात सारले, आणि मला बाई रडूच फुटलं.

तुला मात्र फोनवर खोटंच सांगत राहिले. "ताट वेगळं हाये ना वं?" "हो माय." म्हटलं की लगेच तू सगळ्या आळीत सांगून यायचीस, पोरगी तिकडं जाऊनही होती तशीच राहिली. गेलीस तीही हेच मानून. खरं सांगू, हे खोटं मला फारसं टोचत नाही.

टोचतं ते दुसरंच. पहिल्या सुट्टीत मी घरी आले होते. चाचा भेटायला आले, ओसरीवर बसले, परातीतलं जेवण जमतं का म्हणून चौकशी केली. जमतं म्हटल्यावर केवढे खूश झाले! मी चहा टाकला. आपल्याकडे त्यांचा कप वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात, आणि चहा झाला की ते स्वतःच तो धुऊन तिथं ठेवायचे. मी तोच कप घेतला आणि त्यातच चहा ओतला. वर्षभर दुसऱ्यांच्या परातीत हात घालून आलेली मी. चाचांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छी बनी है, बेटी," म्हणाले. त्यानंतर ते आपल्या घरी आले नाहीत.

हे पत्र मी कुठं टाकणार आहे थोडीच. नवऱ्याला, मैत्रिणींना मी आजवर हेच सांगत आले, की माय दारात उभी होती, तिच्या धाकानं तो कप घेतला. ऐकणारे हळहळतात, तुला नावं ठेवतात, आणि मी ठेवू देते. माय, तू त्या दिवशी घरात नव्हतीसच. चिचगडला लग्नाला गेली होतीस.