प्रणालीने काढलेला पेपर

सौंसर, रविवार

श्री. प्रकाशभाऊ, पांढुर्ण्याच्या समस्त मंडळींना दादारावचा सौंसरहून रामराम. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींची साखर आटोक्यात आली का? इकडे तब्येती ठीक आहेत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. (तुमची बहीण म्हणते, ते लग्नाच्या आधीपासूनच नव्हतं.)

तुम्ही प्रणालीचे मामा, म्हणून तुमच्याजवळ रडून राहिलो. पोरीचं लग्न जमत नाही. आडवी पत्रिका येत नाही, फोनमधला तो ठोकळ्यांचा खेळ येतो. (चौकोनी झाडं, चौकोनी गाई. झाडं तोडायची, घर बांधायचं आणि अंधारात निघणाऱ्या भुताखेतांपासून जीव वाचवायचा. बँकेत नोकरी करणारी पोरगी हे खेळते, कोणाला सांगू?) पोरगा बघायला आला की पोहे समोर ठेवते आणि तोंडी परीक्षा सुरू करते. म्हणते, "ज्याच्यासंगं जन्म काढायचा, त्याले जंगलात जगता आलं पाहिजे, बाबा."

तुम्ही आणलेला नागपूरचा पंकज, चांगला इंजिनिअर. तिने विचारलं, पायाखाली सरळ खड्डा खणायचा का? तो म्हणाला, हो, विहीर सरळच खणतात. तिने लगेच कप उचलले. (खेळात तसं खणलं की माणूस थेट खालच्या पेटत्या लाव्हारसात पडतो. हे मला आता माहीत आहे, हेच माझं दुःख.) जाताना त्याच्या वडिलांनी विचारलं, मुलीला डॉक्टरला दाखवलं का? मी मान खाली घालून चपला शोधत राहिलो, स्वतःच्याच घरात.

शेवटी म्हटलं, पेपर आपणच फोडावा. ती बँकेत गेली की तिच्या जुन्या फोनवर चष्मा लावून खेळ शिकलो. बुडालो, जळालो, एका आठपायी कोळ्याने खाल्लं. मग पुढचं स्थळ होतं रामाकोना गावच्या मयूरचं, त्याला बसस्टँडवर गाठून उत्तरं पाठ करून घेतली. बघण्याच्या दिवशी पोरगा धडाधड सांगत गेला: दिवस मावळायच्या आत मातीचं खोपटं बांधीन, लोकरीची गादी करीन, पायाखाली खणणार नाही. प्रणालीचा चेहरा खुलला. तुमची बहीण आत जाऊन साखर घेऊन आली. मग प्रणालीने विचारलं, रोपटं कसं लावायचं? मयूर म्हणाला, उन्हाळ्यात खड्डे तापू द्यायचे, अठरा फुटांवर, शेणखत घालून, कलमाचा डोळा मातीच्या वर ठेवून.

(खेळात ते नुसतं मातीवर ठेवायचं असतं. पण संत्र्याच्या बागेत हयात गेलेल्या माणसाने असं फोकटात झाड लावायला कसं सांगावं? माझ्या जिभेला ते जमलंच नाही.)

मयूरचं किराणा दुकान आहे. त्याला कलमाचा डोळा कुठून माहीत असणार? प्रणाली त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून राहिली होती. मयूर गेला, साखर परत डब्यात गेली. आता मला जगण्यात काही गोडी वाटत नाही, भाऊ.

तुमचा हताश,
दादाराव

ता. क. प्रणाली रागावली नाही. दुसऱ्याच दिवसापासून बँकेतून आली की मला शेजारी बसवून खेळ शिकवून राहिली. आम्ही बाग लावली आहे. (खेळात संत्रं नाही, जे झाड मिळालं ते संत्रं समजून लावलं. अठरा फुटांवरच. तिने ऐकलं.) नोकरी लागल्यापासून पोरगी माझ्याशी इतकं बोलली नव्हती.

ता. क. पुन्हा. दिवाळीनंतर तुम्ही प्रणालीला बघायला त्या वैभवला आणणार आहात, त्याला नाही म्हणत नाही. फक्त त्याला आधी काही शिकवू नका. आणि पोरगा फारच हुशार असेल, तर जरा उशिरानेच आणा.