‘सकाळचा फेरा’वरचा अभिप्राय

१० ऑक्टोबर २००७, बुधवार
पुण्याच्या मासिकाला तीन परीक्षणं पाठवायची होती, एक गेलं. उरलेले दोन कथासंग्रह उशाशी पडून आहेत. दुसऱ्यांची वाक्यं तपासायचा कंटाळा आलाय. त्यात आज जेवताना विवेक म्हणाला, “माझ्या ब्लॉगचं पण कर ना परीक्षण. पुस्तकांचं करतेस तसंच. नवरा म्हणून सूट नको.”
मुक्ता म्हणाली, “बाबा, यार, परीक्षण करायला आधी ब्लॉग तो होना चाहिए!”
पंधरा वर्षांची आहे, जिभेला हाड नाही. पण खोटं काही बोलली नाही. फेब्रुवारीत वि.ची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, याच्यापुढे तेच औषध. मानेसरला त्याच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की ब्लॉग लिहिला की शिस्त लागते. म्हणून एप्रिलमध्ये ‘सकाळचा फेरा’ सुरू झाला. आजवरच्या नोंदी दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील.

१४ ऑक्टो., रविवार
वाचला. चहाचा कप संपायच्या आत ब्लॉग संपला.
मागे नारळाची झाडं आणि समुद्र, तयार डिझाइन असतं ते. समुद्राचा आणि गुडगावचा संबंध काय, देव जाणे. एकच फोटो, बाल्कनीत ठेवलेल्या नव्या बुटांचा. मजकूर असा: “आज कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो.” मग महिनाभर शांतता. मग “बरेच दिवस लिहिलं नाही, क्षमस्व.” पुन्हा शांतता. पुन्हा क्षमस्व. ऑगस्टमधली एक नोंद: “आज गेलो नाही. पाऊस नव्हता.” एवढीच.
प्रतिक्रिया दोन. एका अनोळखी माणसाचं “पु.ले.शु.”, म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. दुसरी शोभाताईंची. वि.ची बहीण, मिरजेला बँकेत असते, तिथे प्रिंट काढते आणि घरी आईंना वाचून दाखवते. “छान. आईला वाचून दाखवलं. आई विचारते कोपरा किती लांब आहे.”

१५ ऑक्टो.
पानभर अभिप्राय लिहून दिला. सूट दिली नाही. क्षमस्व काढून टाक, वाचकाला तुझी सबब नको, तुझा रस्ता हवा. कोपरा म्हणजे काय? तिथे कोण असतं, वास कसला येतो? ‘पाऊस नव्हता’ याचा संदर्भ लागत नाही. आणि मुख्य म्हणजे नियमित लिही, चार ओळी का होईना. एवढ्या मोठ्या खंडांत वाचक निघून जातो.
वि.ने उभ्या उभ्या वाचला, घडी करून खिशात ठेवला.
“म्हणजे नापास.”
“नाही रे. एटीकेटी.”
हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

२७ ऑक्टो., शनिवार
नवी नोंद आली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, त्याच्या कोळशाचा धूर, समोर अर्धवट टॉवर आणि त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांबाहेर दात घासणारी मुलं. छान लिहिलंय. दोन शब्द सुधारले, बाकी हात लावावासा वाटला नाही. ह्या माणसाशी लग्नाला अठरा वर्षं झाली आणि हा असा बघतो हे मला ठाऊकच नव्हतं.
सकाळी अंधारातच निघतो. दार ओढून घेतल्याचा आवाज येतो, मग मी पुन्हा झोपते. ह्या आठवड्यात खरंच झोपले.

११ नोव्हें., रविवार. भाऊबीज
शोभाताईंचा फोन. आठवड्याला दोन-दोन नोंदी येतात आता, सगळ्यांच्या प्रिंट काढते म्हणाल्या. संध्याकाळी आईंकडे बायका भजनाला जमतात, आधी विवेकचा फेरा वाचून होतो आणि मग भजन. आई स्वतः फोनवर आल्या. “नीला, तू छान लक्ष घातलंस हो. आता मला झोप लागते बघ.”
कालची नोंद जोहडवर होती. जोहड म्हणजे सेक्टरच्या मागे जुन्या गावाचा तलाव आहे तो. मीच वि.ला सांगितलं होतं, नर्सरीत तुळस आणायला गेले तेव्हा रिक्षातून दिसला म्हणून. “तिथवर गेलास?” “हं.” लांब आहे तसा. मनात देवाला हात जोडले.

३ डिसें., सोमवार
वि.ने मसुदा दाखवला. “तलावावर पक्षी असतात.” मी म्हटलं, नुसते पक्षी काय, कुठले ते लिही. “तू टाक काहीतरी.” मी ‘पाणकोंबड्या’ टाकलं. मला रिक्षातून दोन दिसल्या होत्या.
मु. स्क्रीनवर डोकावून: “पाणकोंबड्या म्हणजे? तंदुरी?”
दिल्लीच्या मराठी मंडळातले लोकही वाचायला लागलेत. नोंदीखाली शुभेच्छांची रांग. माझे दोन कथासंग्रह तसेच. मासिकातून दोनदा फोन आला, उचलला नाही.

१९ डिसें., बुधवार
लिहू की नको.
सकाळी जाग आली, पुन्हा डोळा लागेना. आज परीक्षणं संपवू म्हटलं. पुस्तकांची पिशवी गाडीतच राहिली होती. शाल घेतली, दुसरी किल्ली घेतली, लिफ्टने बेसमेंटला गेले. पिलरपलीकडे आमची गाडी. आत वि. सीट मागे केलेली, मफलर कानावरून गुंडाळलेला, हात काखेत. झोपला नव्हता. समोरच्या भिंतीकडे बघत होता.
मी पिशवी न घेताच वर आले.
काही वेळाने आला. हात चोळत म्हणाला, “काय थंडी आहे बाहेर.”
मी चहा दिला. आलं जरा जास्त पडलं.
दुपारी सगळा ब्लॉग पहिल्यापासून पुन्हा वाचला. “आज गेलो नाही. पाऊस नव्हता.” ऑगस्टात हा माणूस लिहीत होता की माझ्याकडे सबब नाही. आणि मी शेरा मारला, संदर्भ लागत नाही.

२१ डिसें., शुक्रवार
ईदची सुट्टी होती, वि. मला खरेदीला दिल्लीला घेऊन निघाला. एक्स्प्रेसवेच्या कामापाशी गाड्या अडकल्या होत्या, पुढे काही हलत नव्हतं. तिथेच विचारलं. दोघांची तोंडं रस्त्याकडे असली की बोलणं सोपं जातं.
“बुधवारी मी खाली आले होते. पार्किंगमध्ये.”
त्याने काच वर घेतली. मागचा हॉर्न वाजवत होता.
“इस्त्रीवाला खरा आहे,” म्हणाला. “ते दोन आठवडे गेलो मी. मग एक दिवस त्या रिकाम्या प्लॉटपाशी दम लागला. धुकं. कुत्रंसुद्धा नाही. वाटलं, इथे पडलो तर कुणाला कळणार पण नाही. तिथून घरापर्यंत कसा आलो, मला माहीत. त्यानंतर गेटच्या बाहेर पाऊल पडत नाही.”
“मला उठवायचं होतंस.”
“तू उठलीस की माझ्याकडे बघतेस. रात्री पण बघतेस, छाती हलते का म्हणून. मला कळतं, नीला. तुझ्याबरोबर चाललो की मी पेशंट होतो.”
“मग लिहायचं कशाला?”
“तूच म्हणालीस, नियमित लिही. आणि आई. मी गप्प बसलो की तिला धडकी भरते. लिहिलं की तिचं बी.पी. तरी खाली येतं.”
पुढची गाडी सरकली. त्याने गिअर टाकला.
रागावायला हवं होतं. अंगात तेवढा जोर नव्हता. डॉक्टरांनी मार्चमध्ये ट्रेडमिलवर चालवून बघायचं ठरवलंय. ते यंत्र काही ब्लॉग वाचत नाही.

३० डिसें., रविवार
आईंचा रविवारचा फोन. वि. आंघोळीला गेला होता.
“खरं सांग हं नीला. लिहितो तसाच चालतो ना तो? का उगीच म्हातारीला बरं वाटावं म्हणून?”
मी म्हटलं, “चालतो हो आई. रोज.”
“तू म्हणतेस म्हणजे झालं.”
माझ्या शब्दावर त्यांचा केवढा भरवसा. फोन ठेवून कणीक मळायला घेतली, पाणी जास्त झालं.

१३ जाने. २००८, रविवार
लढाईचा दिवस चौदाला, पण तो सोमवार, म्हणून मंडळाची पानिपतची बस आजच. काला अंबच्या स्मारकापाशी दरवर्षीपेक्षा गर्दी जास्त. सांगलीकडची एक तुकडी फेटे बांधून आली होती. मु. आली नाही, “आई, हर साल वही हार, क्या देखना” म्हणाली. तिच्या तोंडाला लागले नाही.
तिळगूळ वाटत असताना एक उंच गृहस्थ वि.समोर येऊन उभे. जाधव. फौजेत सुभेदार, दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये राहतात, मूळ सातारचे.
“सकाळचा फेरावाले तुम्हीच का? अहो, माझ्या मिसेसला गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं. मी तुमचं वाचून दाखवायचो. आता ती परेड ग्राउंडला चक्कर मारते! तुमच्यामुळं!”
मिसेस जाधव मागून, “आणि हे स्वतः बसून वाचतात, ते नाही सांगत.”
“चेष्टा करतीय. साहेब, पुढच्या रविवारी येतो तुमच्याकडं. तुमच्या त्या तलावावर जाऊ. पाणकोंबड्या गाव सोडल्यापासून बघितल्या नाहीत मी.”
वि.ने माझ्याकडे बघितलं. मी तिळाच्या डब्याचं झाकण लावत होते.
“या की,” तो म्हणाला.
नंतर दोघं स्मारकाच्या भोवती चालत राहिले. जाधव बोलत होते, कुठल्या तरी बर्फातल्या पोस्टिंगचं. मी मिसेस जाधवांबरोबर मागून चालत होते. वि. कुठे थांबला नाही. छातीवर हात गेला नाही. गर्दीत चालत होता, चारचौघांसारखा.


१७ जाने., गुरुवार
“सर्दी झाली म्हणून सांग त्यांना.” मी.
“सांगेन.” पण सांगितलं नाही. उलट जाधवांचाच फोन आला, बूट घालू की चपला चालतील, चिखल किती असतो. वि. म्हणाला, “बूटच बरे.” त्याला काय माहीत चिखलाचं.
मु. नूडल्स खात होती. “बाबा, सीधा बोल दो ना, ते सगळं कहानी होतं.”
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.
“क्या? पार्किंगचे गार्ड भैया रोज विचारतात मला, अंकल जी ठीक हैं ना, गाड़ी में क्यों बैठते हैं. मी सांगितलं, बाबा लेखक आहेत.”
वि. आधी हसला, मग उठून बेसिनपाशी गेला, बराच वेळ तोंड धूत राहिला.

१९ जाने., शनिवार
मी एकदाच म्हटलं, मी येते बरोबर. “नको,” म्हणाला. आवाज चढला नाही, पण नको म्हणाला. मग, “जाधव असतील ना.”
जाधवांना अँजिओप्लास्टीचं माहीत नाही. ब्लॉगवर ते कधी लिहिलंच नाही त्याने. मी सांगावं का? सांगितलं तर तेही त्याच्याकडे माझ्यासारखंच बघायला लागतील. नाही सांगितलं तर

परीक्षणं आज पाठवून दिली. दोन्ही संग्रहांना चांगलं म्हटलं.

२० जाने., रविवार
धुकं इतकं की समोरचा टॉवर नाही. जाधव कॅन्टोन्मेंटहून स्कूटरवर आले, मिशीला दव. वर चहा प्यायले, “चला साहेब, ऊन यायच्या आत” म्हणत उठलेसुद्धा.
वि. बुटाच्या नाड्या बांधत होता. मी जवळ गेले तसं हळूच म्हणाला, “इस्त्रीवाल्यापासून डावीकडे ना?”
“उजवीकडे. मग शाळेची भिंत लागते, तिच्या कडेने सरळ.”
“उजवीकडे,” म्हणाला. खिशावर हात मारून बघितला. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या त्याच खिशात असतात. दारात जाधवांना म्हटलं, “भाऊ, जरा सावकाश चाला हं, धुकं आहे.” एवढंच म्हटलं.
“अहो वहिनी, ह्यांच्या वेगानं मला जमलं पाहिजे!”
लिफ्ट गेली. बाल्कनीत आले तर खाली गेटसुद्धा दिसेना. जाधवांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही नाही.
वि.चा मोबाईल टेबलावरच राहिलाय.
आत्ताच आईंचा फोन येऊन गेला. आज लवकर केला, देवदर्शनाला जायचं होतं त्यांना. “विवेक कुठाय?”
“फिरायला गेलाय, आई.” माझा आवाज मलाच वेगळा वाटला.
“मग? रोजच जातो की. एवढं काय सांगतेस.”
“हो.”
“मफलर घातलाय ना त्यानं?”
“घातलाय.”
फोन ठेवून पोहे भिजवले. चौघांचे. मु. उठली, बाबा कुठे विचारलं, मग पुन्हा पांघरूण घेऊन माझ्या शेजारी बाल्कनीत येऊन बसली. एरवी बसत नाही.
धुकं तसंच आहे. इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास वरपर्यंत येतोय. अजून आले नाहीत. खाली जाऊन बघते.