धर्मशाळेच्या अंगणातला पडदा

वाशीम,
ता. २० नोव्हेंबर १९५०

ती. सौ. अंगुरीताईस,

कैलासचा जयजिनेंद्र. तुझी आणि दाजींची खुशाली कळव. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. मायचा खोकला उतरला.

भाऊबीजेला कारंज्याला आलो नाही, म्हणून रागावली असशील. काम निघालं होतं. नागपूरच्या चित्रकलेच्या वर्गातले माझे दोन मित्र सुटीत माझ्याबरोबर आले आहेत. एक आपल्या गावचाच इंद्रभान, दुसरा आपल्या जवळच्या मालेगावकडच्या लमाणांच्या तांड्यावरचा उदयसिंग. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहतात, ती तुला ठाऊक आहेत. दिवाळीनंतर जागा खाली करा, असं पंचांनी त्यांना सांगितलं. या थंडीत लेकरं घेऊन ती जातील कुठं? गावानं त्यांना एकदा जवळून पाहावं, म्हणून आम्ही तिघांनी धर्मशाळेच्या अंगणात कलेचा मेळा भरवायचं ठरवलं.

त्यासाठी मोठा पडदा केला. आम्ही कोळशानं रेघा काढल्या. एका टोकाला सिंधचे उंट, दुसऱ्या टोकाला लमाणांचे बैल, मधे आपलं वाशीम. भरतकामाला उदयसिंगची माय गोमतीबाई तांड्यावरच्या बायका घेऊन आली. धर्मशाळेतल्या ईश्वरीबाईच्या ओढणीवरचे आरसे पाहून गोमतीबाईनं तिचा हातच धरला. "ह्ये तं आमच्यावानीच हाये वं!" भाषा एकीची दुसरीला कळेना, पण दिवसभर हसणं चाललं होतं. कुठला टाका कोणाचा, ते आता मलाही सांगता येणार नाही.

तुझ्या मनात आलंच असेल, पंचांत मुख्य तर आपले बाबूजी. हो ताई. सिंधी लोक हातगाडीवर स्वस्त कापड विकतात, आपल्या कापडदुकानाचं गिऱ्हाईक तुटलं, म्हणून सगळ्यात जास्त राग त्यांचाच होता.

आता खरं लिहितो. मी घरी राहत नाही. ऐन दिवाळीत, निर्वाणलाडवाच्याच दिवशी बाबूजी म्हणाले, "माह्याच घरचं खाऊन माह्याच विरोधात उभा राहून राह्यला? तं मंग राह्य त्याइच्यातच!" मीही रागात वळकटी उचलली आणि धर्मशाळेत आलो. भाऊबीजेला तू विचारलं असतंस, आणि तुझ्यापुढे मला खोटं बोलवलं नसतं.

परवा दुपारी मेळा झाला. सिंधी मुलांची चित्रं भिंतीवर लावली, तांड्यावरच्या बायकांनी फेर धरून गाणी म्हटली. गाव लोटलं होतं. आणि एकदम बाबूजी आले. सरळ पडद्यापाशी गेले, काठ उलटून पाहिला.

"हा तं आपल्या दुकानातला मांजरपाट हाये. कोनं देल्ला?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायकांतून माय पुढे आली.

"म्या देल्ला. अंगुरीच्या लग्नातला उरला होता. पडूनच होता घरात."

चारचौघांत माय बाबूजींपुढे बोललेली तू कधी पाहिलीस का?  बाबूजींनी टाक्यांवरून हळूच बोट फिरवलं. टेकचंद नावाच्या म्हाताऱ्या सिंध्यानं त्यांना बसायला बाज टाकून दिली.

"तिकडं दुकान होतं काय तुमचं?" बाबूजींनी विचारलं.

"शिकारपुर में, सेठजी. कपड़े का ही."

"अन् माल?"

"दिवाली का भरा हुआ था. वैसा ही छोड़ आए."

बाबूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आपल्या दुकानाच्या फळ्या दिवाळीआधी कशा गच्च भरतात, ते आपण लहानपणापासून पाहतो आहोत. 

काल पंच बसले. इंद्रभानचे वडील सांगत होते, बाबूजीच म्हणाले, "याइची घरं होईस्तोवर राहू द्या. हातगाड्या तेवढ्या बाजाराच्या पल्याडच्या टोकाले लावा म्हना." सगळ्यांनी मान्य केलं. ईश्वरीबाईनं अंगणात नवी चूल घातली. इतके दिवस ती तीन दगडांवर रांधत होती.

माझ्याशी मात्र बाबूजी अजून बोललेले नाहीत. आज सकाळी मायनं निरोप धाडला. बाबूजी तिला विचारत होते, "पोरगं अजून त्याइच्यातच जेवून राह्यलं काय?" मी हसलो, आणि मग ताई, डोळ्यांतून पाणीच आलं. मी नागपूरला परत जाणार, दुकानाच्या गादीवर बसणार नाही, हेही त्यांना आज सांगावंच लागेल. ते चिडतील. पण काल पंचांपुढे जे बोलले, तेही बाबूजीच होते.

आपल्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. उशीर नको, म्हणून इथंच थांबतो.

घरी निघालेला,
तुझा कैलास