हिच्या वहीतला कोसाईन

सोमवार, ४ मार्च

प्राचार्य म्हणाले, हिचे भौतिकीचे तास तुम्हीच घ्या, शेवटी गणितच आहे ते. बरं म्हणालो. ही जाऊन सतरा दिवस झाले. कपाटातून हिची वही काढली. धडा— अनुतरंग, म्हणजे आवाजाच्या लाटा.

मेहुणीचा फोन. शेवटचं ताई काय बोलली, आठवलं का भाऊजी? नाही म्हणालो. आदल्या रात्रीची पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परतताना ती रस्त्यातच कोसळली, एवढंच ठाऊक. शेवटचं बोलणंसुद्धा लक्षात ठेवलं नाही मी!

मंगळवार, ५ मार्च

वर्गात हिच्या वहीतलंच सांगितलं. आवाज ऐकू येतो तेव्हा हवेतला कण कानापर्यंत येत नाही. तो आपल्या जागेच्या मागेपुढे झुलतो. पुढे जाते ती लाट. कण किती सरकला ते कोसाईनने लिहायचं.

घरी पुढचं पान बघितलं. दाबालाही हिने कोसाईनच लिहिलंय. दाब निघतो कणाच्या सरकण्याच्या विकलनातून. ते केलं— साईन यायला हवा! दोनदा केलं. साईनच. म्हणजे कण जिथं मुळीच सरकलेला नसतो, दाबातला फरक तिथंच सगळ्यात मोठा. हिने नेमकं उलट उतरवून दिलंय. शुक्रवारी परीक्षा. हा प्रश्न येणारच.

वही मिटून ठेवली.

बुधवार, ६ मार्च

सांगितलं नाही. हिचा विषय निघाला की पोरं अजून माना खाली घालतात. त्यांच्यासमोर हिला चुकीचं ठरवू? न सांगावं तर त्यांचे मार्क जाणार. वाईट वाटायला हवं. काहीच वाटत नाही. कपडे वाळत घातले, जेवलो.

गुरुवार, ७ मार्च

सांगून टाकलं. मॅडमनी दाबाचं लिहून दिलंय ते खोडा, साईन करा. एकानेही पेन उचललं नाही! नुसते माझ्याकडे बघत बसले. रागावले असतील. रागवा म्हणावं. तास संपायच्या आधीच निघून आलो.

शुक्रवार, ८ मार्च

परीक्षेआधी पहिल्या बाकावरची चष्मेवाली वही उघडून स्टाफरूममध्ये आली. "सर, ते आम्ही आधीच खोडलंय. मॅडमनीच सांगितलं, त्यांच्या शेवटच्या तासाला. म्हणाल्या, काल भांडी घासताना तुमच्या सरांशी तासभर भांडले आणि हरले."

खरंच की. ओल्या बोटाने ओट्यावर लाट काढून दाखवत होती मला. शेवटी म्हणाली, "जा, जिंकलास."

सगळं आठवलं. सगळ्यांदेखत रडलो.